जुना हार्वेस्टर घेताय? दाणा ज्या वाटेने जातो, त्या वाटेने चला

उन्हाळा लागला की मला गावाकडून हार्वेस्टरचे, म्हणजे पीक कापून मळणाऱ्या मशीनचे, व्हिडिओ यायला लागतात. मी राहतो मुंबईत, पोटापाण्याचं काम डिझेल इंजिनांचं, आणि गाव लातूर जिल्ह्यात. डोंबिवली, कल्याण, घणसोलीत माझ्यासारखे कितीतरी जण आहेत. जमीन भावकीत, कसणारा चुलतभाऊ, आणि मशीन घ्यायचं ठरलं की निम्मे पैसे इथून जाणार. व्हिडिओत नवा रंग मारलेलं मशीन असतं, एकदा स्टार्ट करून दाखवलेलं इंजिन असतं, आणि खाली एकच ओळ: "दादा, बघून सांग, घ्यावं का?"

व्हिडिओ बघून ते सांगता येत नाही. हार्वेस्टर झिजतो तो आतून, आणि व्हिडिओ बाहेरून काढलेला असतो. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

आधी एकरांचं बोलू. पस्तीस-चाळीस एकर एकत्र वहितीत असलं की आपल्याकडे ते मध्यम शेत झालं. स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या नेहमीच्या हार्वेस्टरचा कटर बार (पुढचा कापणीचा दांडा) १४ फुटी, म्हणजे सव्वाचार मीटरचा. मशीन ताशी ३ किलोमीटरने चाललं तर कागदावर तासाला तीन एकरांच्या थोडं वर काम होतं. वळणं, बांध, टाकी रिकामी करणं, अडकलेला पाला उपसणं हे सगळं धरलं की प्रत्यक्षात दोन एकर हाती येतात. आठ तासांचा दिवस धरा, सोळा एकर झाले. म्हणजे तुमचं चाळीस एकर सोयाबीन अडीच-तीन दिवसांत निघतं, हरभराही तेवढ्यातच. उरलेले साडेतीनशे दिवस मशीन उभं.

त्यामुळे 'हे मशीन माझं शेत ओढेल का' हा प्रश्नच नाही. भाड्याचे एकर मिळतील का, हा प्रश्न आहे. हिशेब सोपा आहे. हप्ता किंवा व्याज, मशीनच्या किमतीतली घट, दुरुस्ती, विमा, ड्रायव्हरचा हंगामाचा पगार, असा वर्षाचा ठरलेला खर्च एकत्र करा. एकरी भाड्यातून एकरी डिझेल आणि वरखर्च वजा करा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. समजुतीसाठी आकडे घेऊ: ठरलेला खर्च ४ लाख, भाडं एकरी २,०००, डिझेल-वरखर्च ८००. भागाकार ३३३ एकर. रोजचे सोळा एकर धरले तर एकवीस दिवस, तेही एकही दिवस पाऊस न लागता आणि एकही बेअरिंग न जाता. तुमचे खरे आकडे घालून हा भागाकार मशीन बघायला जायच्या आधी करा, आणि पंचक्रोशीत आधीच किती मशीन फिरतात तेही मोजा.

तरीही लोक मशीन का घेतात, हे मला चांगलं कळतं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दाराशी असतो, शेंगा वाळून तडकायला लागतात, मजूर मिळत नाही, आणि भाड्याचं मशीन आधी दुसऱ्याच्या रानात असतं. कापून लावलेली बनीम (पिकाची गंजी) भिजून आतून गरम झालेली ज्याने पाहिली आहे, त्याला भागाकार सांगून पटत नाही. त्याला आपला नंबर पहिला हवा असतो. ती गरज खरी आहे. पण भाड्याची खात्री नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: ५०-५५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घरात असेल तर ट्रॅक्टरवर बसणारा हार्वेस्टर बघा, नाहीतर दोन भाड्याच्या मशीनवाल्यांशी आधीपासून बोलून ठेवा. ट्रॅक्टरवरच्या मशीनचं एक दुखणं आहे. ते चढवलं की हंगामभर ट्रॅक्टर त्यातच अडकतो, आणि सोयाबीन निघताच हरभऱ्याच्या पेरणीला त्याचीच गरज असते.

आता मशीनच्या आत शिरू. हार्वेस्टर म्हणजे विळा, हडंबा (मळणीयंत्र) आणि उफणणी एकाच गाडीत. पुढचं रील पीक आत ओढतं. कटर बारची पाती ते कापतात. आडवा ऑगर कापलेलं पीक मध्यभागी गोळा करतो. तिथून फीडरची साखळी ते वर चढवते आणि ड्रमच्या तोंडी देते. ड्रम फिरतो आणि त्याच्या खाली कमानीसारखी लोखंडी जाळी असते, ती कॉन्केव्ह. ड्रम आणि कॉन्केव्हच्या फटीत पीक रगडलं जाऊन शेंगेतून दाणा सुटतो. बराचसा दाणा जाळीतून खाली पडतो. काडात अडकलेला राहिलेला दाणा स्ट्रॉ वॉकर हलवून हलवून झाडतात. खाली चाळण्या असतात आणि पंखा असतो, तिथे भुसकट उडतं. स्वच्छ दाणा एलिव्हेटरने टाकीत जातो, टाकीतून ऑगरने ट्रॉलीत.

जुनं मशीन बघताना मी याच क्रमाने चालतो. इंजिनापासून सुरुवात केली की माणूस आवाजात रमतो आणि बाकीचं बघायचं राहून जातं. इंजिन बांधून देणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतो. आतलं गंजलेलं, पातळ झालेलं पत्र्याचं अंग कुणी सहज बदलून देत नाही.

पात्यांचे दात हाताने चाचपा, तुटकी पाती बदलता येतात. कटर बारला मात्र एका टोकाला बसून डोळा लावून बघा, तो सरळ आहे की मधेच पोटात आलाय ते. फीडरच्या झाकणातून हात घालून साखळी मधोमध वर उचला; फार सैल उचलली गेली, आडव्या पट्ट्या वाकलेल्या असल्या, तर मशीनने दगड खाल्लेत. मग ड्रम बघताना जास्त वेळ द्या.

ड्रमवरच्या खाचेदार पट्ट्यांना रास्प बार म्हणतात. बोट फिरवलं की खाचांची धार लागली पाहिजे. गुळगुळीत लागल्या तर बदलायच्या, आणि त्या समोरासमोरच्या जोडीने बदलाव्या लागतात. नाहीतर ड्रमचा तोल जातो आणि तो थरथरत बेअरिंगं खातो. दोन पट्ट्या नव्या कोऱ्या, शेजारच्या जुन्या असं दिसलं तर विचारा, का बदलल्या? कॉन्केव्हच्या आडव्या पट्ट्यांना कोपरे असतात, झिजून ते गोल होतात. गोल कोपरा दाणा नीट सोडवत नाही. मग ड्रायव्हर फट कमी करतो, वेग वाढवतो, आणि दाणा फुटतो. डाव्या-उजव्या बाजूची फट सारखी आहे का, तेही मोजा.

इथेच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, ती सविस्तर सांगतो. आपल्याकडे येणारी बरीच जुनी मशीनं पंजाबातली असतात. नाभा, भादसों ही तिथली हार्वेस्टर बनवणारी गावं, आणि तिथलं पीक गहू आणि भात. भातासाठी बऱ्याचदा ड्रमवर खिळ्यांसारखे दात असतात, गव्हासाठी रास्प बार. भाताच्या काडात वाळूसारखी सिलिका असते, ती पत्रा आतून घासते. आणि गव्हाला लागणारा ड्रमचा वेग सोयाबीनला मारक ठरतो. ६०० मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला ९०० फेरे फिरला की त्याच्या कडेचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या घरात जातो. ५०० फेऱ्यांना तोच वेग ताशी ५६ होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला सपाटीला १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची. गहू सपाटीच्या वेगाने चालतो, सोयाबीनला घाटाचा वेग लागतो. सोयाबीनचं साल पातळ, आतल्या दोन डाळिंब्या जोराचा मार बसला की सुट्या होतात. हरभऱ्याचंही जवळपास तसंच.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी फक्त इंजिन ऐकून एका मशीनला हो म्हटलं होतं. इंजिन खरंच उत्तम होतं. पण आयुष्यभर ते गहू-भातात चाललेलं, ड्रमचा वेग कमी करायची मोठी पुली विकणाऱ्याकडे राहिलीच नव्हती, आणि आम्ही ती मागितलीही नाही. पहिल्या सहा एकरांचा माल आडतीवर गेला. व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, अंगठ्याने पसरले आणि काही न बोलता हात चुलतभावाच्या पुढे धरला. दहा-बारा दाण्यांमागे दोन-तीन नुसत्या डाळी होत्या, आणि अख्ख्या दाण्यांवरही सालीला केसाएवढ्या चिरा. भाव पडला तो पडलाच. त्यापेक्षा मोठं नुकसान पुढच्या जूनमध्ये झालं. त्याच मालातलं घरचं बियाणं ठेवलं होतं आणि निम्मी ताटं उगवलीच नाहीत. चिरलेला दाणा जमिनीत ओल लागताच कुजतो. बियाण्याचं सोयाबीन शक्यतो हाताने कापा आणि हळू वेगात मळा, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: सोयाबीनसाठी ड्रमचा वेग कसा कमी करता? पुली असेल तर दाखवा. वेग बदलायची पट्ट्याची सोय असेल तर चालू मशीनवर दोन्ही टोकांना नेऊन दाखवा. उत्तर देताना तो घुटमळला तर त्या मशीनने आपलं पीक पाहिलेलं नाही.

स्ट्रॉ वॉकर हे लांब, दातेरी पाट असतात आणि वाकड्या शाफ्टवर नाचतात. पुष्कळ मशीनांत त्यांना तेल प्यायलेल्या लाकडाचे बुश असतात. पाट हाताने वर-खाली हलवा, खडखड आली तर बुश गेले. त्यांची दुरुस्ती स्वस्त आहे. पण शाफ्टच घासला असेल तर तसं नाही. चाळण्यांच्या पट्ट्या उघडमीट होतात का ते बघा. टाकीत उतरा, तळाच्या ऑगरखालचा पत्रा आणि एलिव्हेटरचं सगळ्यात खालचं तोंड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. जाड पत्रा ठणठणतो, पातळ झालेला पत्रा बदबद वाजतो. दाणा बाहेर टाकणाऱ्या नळीवर नवा रंग आणि एखादा जोड दिसला तर आतून हात फिरवा. रंगाखाली वेल्डिंगचे ठिगळ असतातच असं नाही, पण असतात तेव्हा ते इथेच असतात.

आता इंजिन. आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्या गेल्या हात इंजिनावर ठेवा, कोमट लागलं तर आधी चालवून ठेवलंय. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठलं पाहिजे. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर विरून जाऊ द्या. गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढा; तिथून इंजिन श्वास टाकल्यासारखा धूर फुंकत असेल तर रिंगा-लायनर संपत आले. तासांच्या मीटरवर फार विसंबू नका, तो बंद पडतो आणि पाडलाही जातो. ब्रेक-क्लचच्या पायपट्ट्यांवरचं रबर, स्टीअरिंगची झीज, शिडीच्या पायऱ्या यांना तास लपवता येत नाहीत. आणि एक तांत्रिक मुद्दा: २०२३ च्या जानेवारीपासून ५० हॉर्सपॉवरवरच्या शेतीच्या नव्या इंजिनांना प्रदूषणाचा ट्रेम-४ हा टप्पा लागू झाला, त्यामुळे सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स आलं. त्याआधीच्या बहुतेक मशीनांत साधा यांत्रिक पंप असतो, तो गावाकडचा मिस्त्री उघडू शकतो. जुनं घेण्यात हा खरा फायदा आहे.

खरी परीक्षा रानात. म्हणून मशीन चालू हंगामात, उभ्या पिकात बघा, हरभऱ्यात किंवा गव्हात का होईना. तासभर चालवल्यावर थांबवून बेअरिंगांच्या घरांजवळ हात न्या. इंजिन पूर्ण बंद आणि किल्ली तुमच्या खिशात असल्याशिवाय मात्र नाही. एखादं घर बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर ते बेअरिंग जाणार.

आणि दाणे मोजा. चार काड्या आणि सुतळीचा एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन करा. मशीन चालता चालता अचानक थांबवायचं आणि आपल्या लांबीएवढं मागे घ्यायचं. आता तीन जागा मिळतात. उभ्या पिकात चौकोन टाकला की मशीन यायच्या आधीच गळालेले दाणे कळतात. कटर बारपुढच्या मोकळ्या पट्ट्यात आधीची गळ आणि कापताना पडलेले. मशीनच्या मागे सगळं मिळून. वजाबाकी केली की दोष पुढच्या तोंडाचा की आतल्या झाडणीचा ते समजतं. मागे मोजताना एकाच ठिकाणी मोजू नका. काड अरुंद पट्ट्यात पडतं, तिथे दाणे जास्त दिसतात. कापलेल्या पूर्ण रुंदीत चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा.

सोयाबीनचे हजार दाणे साधारण १२० ग्रॅम भरतात. चौरस मीटरला ४० दाणे पडले म्हणजे एकरी साडेएकोणीस किलो गेले. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, त्या दराने एकरी हजार रुपयांच्या वर. जमिनीवर नुसते बघितले तर ४० दाणे फार वाटत नाहीत, म्हणून मोजायचे.

पुढच्या तोंडाचं नुकसान सगळं मशीनच्या माथी मारू नका. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीपासून चार बोटांवर असतील तर कोणताही कटर बार त्या सोडणारच. रुंद वरंबा सरीवर पेरलं असेल तर वरंब्याच्या उतारावरची झाडं आणखी खाली राहतात. मशीनने काढायचं ठरलं असेल तर वाणही तसा निवडा. परभणीच्या विद्यापीठाचा एमएयूएस १६२ हा सोयाबीनचा आणि राहुरीचा फुले विक्रम हा हरभऱ्याचा वाण त्याच हेतूने ओळखले जातात, कारण त्यांच्या शेंगा आणि घाटे उंच लागतात. कापणीच्या वेळी दाण्यात १३ ते १५ टक्के ओलावा असावा. त्याहून वाळला की तडकतो, फार ओला असला की चेंदतो. हमीभाव खरेदीचा नेहमीचा निकष १२ टक्क्यांचा आहे, म्हणजे मशीनमधून आलेला माल पसरून वाळवायची जागाही हवी.

काळ्या रानाबद्दल एवढंच: चाकांचं मशीन आठ-दहा टनांचं असतं आणि वाफसा नसेल तर रुततं. तुमचं रान चोपण असेल, भात असेल, तर चाकांऐवजी रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं मशीन बघा. पण जुन्या मशीनचे रबरी पट्टे आणि खालचे रोलर संपलेले असतील तर त्यांचा खर्च किमतीत धरा. आणि पाणंद मोजा. कटर बार काढून ट्रॉलीवर टाकला तरी मशीन वळायला जागा लागते.

कागद. आरसी बुकावरचा चेसिस आणि इंजिन नंबर मशीनवरच्या कोरलेल्या नंबरशी स्वतः ताडा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परराज्यातलं असेल तर तिथल्या आरटीओचा फॉर्म २८, आणि नावावर करायला २९ व ३०. अनुदानावर घेतलेलं मशीन ठरावीक काळ विकायचं नसतं, म्हणून ते अनुदानाचं होतं का हे लेखी विचारा.

सुट्या भागांचं शेवटी, पण मशीन ठरवताना ते पहिलं बघावं असं मला वाटतं. हंगामात एक दिवस उभं राहिलेलं मशीन सोळा एकर घालवतं. ज्या कंपनीचे पार्ट तुमच्या जिल्ह्यात मिळत नाहीत ते मशीन स्वस्तातही घेऊ नका. बेअरिंग आणि पुल्यांवरचे पट्टे मात्र कुठेही मिळतात, फक्त नंबर माहीत हवा. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो: ६२०८ म्हणजे ४० मिलिमीटर, ६२०६ म्हणजे ३०. पट्ट्यावर बी लिहिलं असेल तर वरची रुंदी १७ मिलिमीटर, सी असेल तर २२. आमचं आताचं मशीन ठरलं तेव्हा भावाने प्रत्येक शाफ्टपाशी बसून नंबर लिहून पाठवले. मी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर गेलो आणि दुपारभरात ड्रमच्या बेअरिंगांची जोडी, फीडरच्या बेअरिंगांची जोडी आणि सगळे पट्टे एकेक जादा घेतले. रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसने पोतं गावी गेलं.

ते पोतं गोठ्याच्या आढ्याला टांगलंय. हंगाम संपला की मशीनवरचे पट्टेही सैल करून तिथेच ठेवतो, आणि एलिव्हेटरची खालची झाकणं उघडून झाडूने दाणा न दाणा काढतो, कारण चार दाणे राहिले तरी उंदीर आत शिरतो आणि दाणे संपले की वायरिंग कुरतडतो.